"कुत्र्याच्या तोंडाला वास येणारच!"

गेल्या दिवाळीला घरी गेलो तेव्हा आमच्या बंड्याच्या उजव्या डोळ्याखाली सुपारीएवढी सूज होती. बंड्या म्हणजे आमचा नऊ वर्षांचा पांढराशुभ्र कुत्रा. अख्खी गल्ली त्याला पामेरियन म्हणते, पण तो आहे इंडियन स्पिट्झ. असो.

आई म्हणाली, "गांधीलमाशी चावली असेल रे." बाबांनी मेडिकलवाल्याला विचारून डोळ्यात घालायचे थेंब आणले होते. सूज मध्ये उतरली, पुन्हा आली, आणि पाडव्याच्या दिवशी फुटून पू वाहायला लागला. तेव्हा कुठे आम्ही त्याला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी डोळ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी बंड्याचा वरचा ओठ उचलला आणि मला म्हणाले, "या इकडे, बघा."

बघितलं. वरचा, मागचा, सगळ्यात मोठा दात उभा चिरलेला. त्या दाताला तीन मुळं असतात आणि ती थेट डोळ्याच्या खाली जाऊन टेकतात. पू मुळाशी झालेला, बाहेर पडला डोळ्याखालून. बाकीच्या दातांवर पिवळ्या-तपकिरी दगडाचा थर, हिरड्या लालभडक.

"कधीपासून दुखत असेल?" मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "काही महिने तरी."

काही महिने! आणि या काही महिन्यांत मी फोनवर आईला दर आठवड्याला विचारत होतो, "बंड्या जेवतो ना?" आणि आई सांगत होती, "हो रे, ताटली चाटूनपुसून साफ." विषय संपला. आम्हाला वाटायचं, जेवतोय म्हणजे ठीक आहे. पण मंडळी, कुत्रं दात दुखला म्हणून जेवण सोडत नाही. ते एका बाजूने चावतं, किंवा न चावता गिळतं. चप्पल पळवणं बंड्याने वर्षभरापूर्वीच बंद केलं होतं. आम्ही म्हणालो, "वय झालं त्याचं." वय कसलं, चप्पल तोंडात धरली की कळ जात होती त्याला!

दात चिरला कशाने? आमच्या प्रेमाने. दर रविवारी बाबा खाटकाकडून खास बंड्यासाठी मागून आणायचे ती मटणाची नळी, आणि मी पुण्याहून ऑनलाइन मागवून पाठवलेली दगडासारखी टणक छुर्पी. तिच्या पाकिटावर लिहिलं होतं की दात साफ होतात. साधा नियम आहे: जी वस्तू नखाने दाबून जरासुद्धा दबत नाही, ती कुत्र्याला चावायला द्यायची नाही. हा नियम मला दात गेल्यावर कळला.

आता मूळ मुद्दा. माझं भांडण "कुत्र्याच्या तोंडाला वास येणारच" या वाक्याशी आहे. हे वाक्य आपण इतक्या सहज बोलतो की जणू कंपनीतूनच तसा माल आलाय. नाही हो! निरोगी कुत्र्याच्या तोंडाला सडका वास येत नाही. तो वास म्हणजे हिरडीखाली वाढणारे जंतू. दातावर आधी चिकट थर बसतो, लाळेतल्या क्षारांनी तो दोन-तीन दिवसांत दगड बनायला लागतो, आणि एकदा दगड झाला की ब्रशने निघत नाही. हिरडी नुसती सुजलेली असेल तोवर सगळं पूर्ववत होऊ शकतं. दाताभोवतीचं हाड झिजलं की ते परत येत नाही. तीन वर्षांची होईपर्यंत बहुतेक कुत्र्या-मांजरांत या आजाराची सुरुवात झालेली असते. छोट्या जातींत तर जास्तच, कारण जबडा एवढासा आणि दात तेच बेचाळीस.

मांजरवाल्यांनी हसू नये. मांजराला ३० दात, आणि त्यांना एक वेगळाच रोग होतो: दात विरघळत जातो. तो बहुधा काढावाच लागतो. आणि दुखणं लपवण्यात मांजर कुत्र्याच्या चार पावलं पुढे.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "रस्त्यावरची कुत्री कुठे ब्रश करतात?" हे तर आमच्या ऑफिसातल्यासारखं झालं: बग कुणी रिपोर्ट केला नाही, म्हणजे बग नाही! रस्त्यावरच्या कुत्र्याचं तोंड उघडून कोण बघतं? आणि त्यातली किती म्हातारी होईपर्यंत जगतात? त्यांच्या दातांचे हाल आपल्याला दिसत नाहीत, एवढंच.

दुसरं उत्तर: "भूल द्यायची भीती वाटते." ही भीती खरी आहे, मलाही वाटली. नऊ वर्षांचा जीव, टेबलावर आडवा. पण रक्ततपासणी करून, श्वासनळीत नळी घालून, नीट लक्ष ठेवून भूल दिली तर धोका बराच कमी होतो. नुसतं वय झालं म्हणून भूल देता येत नाही असं नाही. या भीतीपोटी लोक काय करतात, तर ग्रूमिंगवाल्याकडे "विनाभूल दातसफाई" करून आणतात. दात वरून चकाचक, फोटो झकास! पण रोग हिरडीच्या खाली असतो आणि जाग्या जनावराच्या हिरडीखाली कुणालाही हत्यार घालता येत नाही. पशुवैद्यकांच्या जागतिक संघटनेने, डब्ल्यूएसएव्हीएने, याला स्पष्ट विरोध केलाय. माझ्या मते हा भिंतीच्या ओलीवर रंग मारण्याचा प्रकार आहे.

मी डॉक्टरांवरही चिडलो होतो. नऊ वर्षं दरवर्षी लसीला नेलं, एकानेही तोंड उघडलं नाही! तसं बोलूनही दाखवलं. ते शांतपणे म्हणाले, "लोक इंजेक्शन द्या म्हणतात आणि निघतात. तोंड बघू म्हटलं की त्यांना वाटतं, बिल वाढवतोय." गप्प बसलो. कारण मीच तसं म्हणालो असतो.

आपण आपल्या कुत्र्यांचे वाढदिवस करतो, केक कापतो, रील टाकतो, हिवाळ्यात स्वेटर घालतो. ओठ उचलून बघायला पाच सेकंद लागतात, ते करत नाही.

तर करायचं काय? रोज ब्रश. हो, रोज. आठवड्यातून एकदा केलं तर मधल्या दिवसांत दगड तयार. लहान मुलांचा मऊ ब्रश चालतो. आधी आठवडाभर नुसतं बोट फिरवा, बक्षीस द्या, मग ब्रश. गालाकडची बाजू घासली तरी पुष्कळ झालं. पेस्ट मात्र प्राण्यांचीच, कारण ती गिळली जाणार. आपल्या काही पेस्टमध्ये झायलिटॉल असतं, आणि ते कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं. चघळायच्या गोष्टी घ्यायच्याच तर पाकिटावरच्या थापा न वाचता व्हीओएचसीचा शिक्का शोधा. तो चाचण्यांवरून देतात. आणि पुढच्या लसीच्या वेळी डॉक्टरांना आपणहून सांगा, "तोंड पण बघा."

बंड्याचा तो दात काढला, आणखी दोन गेले, बाकीचे साफ केले. बाबा आता रात्री जेवण झालं की त्याला मांडीवर घेऊन ब्रश करतात. आधी म्हणायचे, "आता हेच राहिलं होतं करायचं."

ऑपरेशननंतर तीन आठवड्यांनी आईचा फोन आला. बंड्याने शेजारच्या काकूंची चप्पल पळवली होती.