गिरणगांवचें वाढलेलें उत्पन्न

लालबाग, परळ व वरळी या मुंबईच्या भागांस वडील माणसें अद्यापि गिरणगांव म्हणतात. १८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लक्ष कामगार संपावर गेले, आणि पुढें बहुतेक गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. लोअर परळच्या फिनिक्स गिरणीच्या जागीं आज उंची मालाचा बाजार भरतो. यावरून वस्तीचें उत्पन्न वाढलें असें कित्येक म्हणतात.

हा हिशेब आम्हांस पटत नाहीं. मागें पडलेलीं मुलें दुसऱ्या शाळेंत धाडून वर्गाचे सरासरी गुण वाढविले, तर अभ्यास सुधारला असें कोण म्हणेल? मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ सालीं ३३,३८,०३१ होती. ती २०११ सालीं ३०,८५,४११ भरली. उपनगर जिल्ह्याची मात्र त्याच दशकांत सात लक्षांहून अधिक वाढली. श्रीमंत आले, कामगार दूर गेले. चाळकऱ्याची मिळकत कांहीं वाढली नाहीं.

१९९१ च्या नियमांप्रमाणें गिरणीच्या जमिनीचा सुमारें तृतीयांश मोकळ्या जागेसाठीं व जवळजवळ तितकाच सार्वजनिक घरांसाठीं द्यावयाचा होता. २००१ च्या दुरुस्तीनें ही वांटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली. २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंहि ती ग्राह्य धरली. इमारतींनीं व्यापलेल्या गिरणींत रिकामी जमीन ती कितीशी असणार! आमच्या मतें मूळ नियमच योग्य होता. तो पाळला असता, तर उंच इमारतींशेजारीं कामगारांचींहि पुष्कळ घरें असतीं, व त्यांचीं मुलें आज परळच्याच शाळांत शिकतीं.