बोट खाली घेऊ नका

माझे आजोबा बोटीवर सारंग होते. दाभोळ खाडीकडच्या आमच्या गावात निम्म्या घरांतला एकेक पुरुष तेव्हा बोटीवर असायचा, आजही असतो. आजोबा फार बोलके नव्हते. पण एक गोष्ट ते आम्हा नातवंडांना पुन्हा पुन्हा सांगत. बोटीवरून माणूस पाण्यात पडला, की एकाने फक्त एकच काम करायचं. त्या डोक्याच्या दिशेने बोट रोखून उभं राहायचं. दोर दुसरा टाकेल, जहाज तिसरा वळवेल. तुम्ही हात खाली घ्यायचा नाही, नजर हलवायची नाही. लाटांत माणसाचं डोकं नारळाएवढं दिसतं. एकदा नजरेआड झालं की पुन्हा सापडत नाही.

आज मी तुमच्याकडे तेवढंच मागायला आलो आहे.

नारळी पौर्णिमा झाली. आपल्या होड्या पाण्यात उतरल्या. देशाच्या दुसऱ्या बाजूला, बंगालच्या उपसागरात, आता वेगळाच हंगाम जवळ येतो आहे. ऑक्टोबरात पाऊस ओसरला, समुद्र निवला, की बांगलादेशातल्या कॉक्स बझारच्या आणि म्यानमारमधल्या राखाइनच्या किनाऱ्यावरून रात्री होड्या सुटतात. मासळी ठेवायच्या खणांत माणसं बसवलेली असतात. गुडघे पोटाशी, एकाची पाठ दुसऱ्याच्या छातीला. हलायचं नाही. हललं तर दलालाची माणसं मारतात. पाणी कपाने मोजून. मलेशिया किंवा इंडोनेशिया गाठायचा असतो, अंदमानचा समुद्र ओलांडून. इंजिन जुनं, चालवणारा कधीकधी मध्येच होडी सोडून पळून जाणारा.

ही रोहिंग्या माणसं. १९८२ च्या कायद्याने म्यानमारने त्यांचं नागरिकत्व हिरावलं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये लष्कराने गावंच्या गावं जाळली, तेव्हा काही महिन्यांत सात लाखांहून अधिक लोक चिखल तुडवत बांगलादेशात आले. २०२३ च्या नोव्हेंबरपासून राखाइनमध्ये लष्कर आणि अराकान आर्मी ही बंडखोर सेना यांच्यात पुन्हा लढाई पेटली आणि ही माणसं दोघांच्या मधोमध सापडली. कॉक्स बझारच्या छावण्यांत आज दहा लाखांच्या वर लोक बांबू आणि ताडपत्रीच्या झोपड्यांत राहतात. बाहेर जाऊन काम करायची परवानगी नाही. म्हणजे पोट सगळं शिध्यावर.

आणि शिधा किती? २०२३ च्या सुरुवातीला माणशी महिना १२ डॉलर होता. मदतीचा पैसा आटला म्हणून मार्चमध्ये तो १० वर आला, जूनमध्ये ८ वर. आठ डॉलर म्हणजे तेव्हाचे साधारण साडेसहाशे रुपये. महिन्याचे. दिवसाला बावीसच्या आसपास. आपल्याकडे एका वडापावाला तेवढे जातात. पुढे शिधा वाढला. २०२५ च्या मार्चमध्ये तो निम्म्यावर आणायची वेळ आली होती, ती अगदी शेवटच्या घटकेला टळली. घरात तीन पोरं आणि पुढच्या महिन्याचा तांदूळ किती मिळेल याचा पत्ता नाही, अशा बाईला दलाल येऊन सांगतो, मलेशियात नवरा कमावतोय, चल. तुम्ही असता तर काय केलं असतं? लगेच उत्तर देऊ नका. आज रात्री ताटावर बसाल तेव्हा द्या.

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाने २०२३ चा हिशेब मांडला. सुमारे साडेचार हजार रोहिंग्या होड्यांत बसले. त्यांतले ५६९ मेले किंवा बेपत्ता झाले. आठांमागे एक. बसलेल्यांत बायका-मुलंच जास्त.

२०२५ च्या मे महिन्यात तर पावसाळा तोंडावर असताना होड्या निघाल्या. ९ मे रोजी बुडालेल्या होडीत २६७ जण होते, ६६ वाचले. दुसऱ्याच दिवशी २४७ जणांची दुसरी होडी उलटली, २१ वाचले. दोन दिवसांत ४२७ माणसं गेली असावीत, असं उच्चायुक्तालयाने सांगितलं. मे महिन्यात दर्या कसा असतो हे त्यांना कळत नव्हतं असं समजू नका. तेही किनाऱ्याचेच लोक. आपण मे अखेरीला होड्या वर ओढून शाकारतो, ते त्यांनाही ठाऊक आहे. तरी निघाले. यावरून मागे काय असेल ते ओळखा.

ही बातमी तुमच्यापैकी किती जणांनी वाचली? मीही चार दिवसांनी वाचली. नजर हलली होती.

म्हणून आधी त्या घरांशी बोलतो, ज्यांचा मुलगा, नवरा, भाऊ आज बोटीवर आहे. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्ग, मुंबई, गोवा. तुमचा माणूस मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जात असेल, अंदमानच्या समुद्रातून जात असेल. त्याचा फोन आला की जेवलास का विचारता. यापुढे आणखी एक वाक्य बोला. ‘होडी दिसली तर वळ रे बाबा.’ कप्तानाने संकटातल्या माणसाला मदत केलीच पाहिजे, हा समुद्राचा लिखित कायदा आहे. पाण्यातल्या माणसाचा देश, धर्म, कागदपत्रं त्यात बघायची नाहीत. आपला देशही त्या कायद्याने बांधलेला आहे.

पण कायदा कागदावर असतो आणि ब्रिजवर उभा असतो तो चोवीस वर्षांचा थर्ड ऑफिसर. त्याच्या मनात काय चालतं हे मला ठाऊक आहे. उशीर झाला तर कंपनी काय म्हणेल? माणसं घेतली आणि कुठलंच बंदर आत घेईना, तर? ही भीती खोटी नाही. २०२० मध्ये माल्टाजवळ २७ जणांना पाण्यातून काढणारं मार्स्क एटियेन हे डॅनिश टँकर त्या माणसांसकट ३८ दिवस समुद्रात ताटकळलं. तरीही याच व्यापारी जहाजांनी २०१४ या एका वर्षात भूमध्य समुद्रातून सुमारे चाळीस हजार माणसं वर काढली. ती काढणारे तुमच्या पोरासारखेच पगारी खलाशी होते. तेव्हा आपल्या मुलाला घरचं बळ द्या. त्याला कळू द्या, की तू वळलास तर घरी कुणी रागावणार नाही.

मच्छीमार बांधवांनो, तुम्हाला तर मी काय सांगावं. तरी एक सांगतो, कारण यात चांगल्या मनाच्या माणसांच्या हातून घात होतो. गच्च भरलेल्या होडीजवळ एकदम जाऊ नका. मदत आली म्हटल्यावर सगळे एकाच बाजूला धावतात आणि होडी तिथेच कलंडते. डोळ्यांदेखत. लांब थांबा. हातवारे करून त्यांना खाली बसवा. आधी तरंगणारं काहीही फेका, जॅकेट, रिकामे कॅन, बोये. तटरक्षक दलाला कळवा, समुद्रातल्या संकटासाठी त्यांचा क्रमांक १५५४ आहे. मग हळूहळू, मुलं आधी.

आपलं तटरक्षक दल हे काम करतं. २०२१ च्या फेब्रुवारीत कॉक्स बझारहून नव्वद जण घेऊन निघालेली होडी इंजिन बंद पडून अंदमानच्या समुद्रात भरकटली होती. आपल्या जहाजांनी ती शोधली. होडीत ८१ माणसं जिवंत होती आणि आठ मृतदेह. बहुतेक बायका आणि मुली. त्यांना अन्न दिलं, पाणी दिलं, डॉक्टर दिला. किनारा मात्र कुणीच दिला नाही. बांगलादेशाने हात झटकले, आपणही उतरवून घेतलं नाही. ती होडी जूनमध्ये इंडोनेशियातल्या आचे प्रांताच्या एका ओसाड बेटाला लागली. निघाल्यापासून ११३ दिवसांनी. तुमच्या घरात बाळंतीण असेल तर तिला विचारा, ११३ दिवस म्हणजे किती.

आचेचं नाव निघालंच आहे तर थोडं थांबू, कारण आपली खरी गोष्ट तिथे आहे.

आचे म्हणजे २००४ च्या त्सुनामीने धुऊन नेलेला मुलूख. तिथल्या कोळ्यांची परंपरेने चालत आलेली सागरी पंचायत आहे. संकटात सापडलेल्याला बाहेर काढायचं, प्रेत असलं तरी आणायचं, हा तिचा दंडक. २०१५ च्या मे महिन्यात दलालांनी हजारो माणसं भर समुद्रात सोडून दिली आणि एकेक देश त्यांच्या होड्या परत ढकलू लागला. इंडोनेशियाच्या लष्कराने कोळ्यांना सांगितलं, त्यांना आणू नका. कोळ्यांनी शेकडो माणसं आणली. २०२० च्या जूनमध्ये अधिकारी काठावर घोळ घालत असताना लान्चोक गावच्या लोकांनी स्वतः दोर लावून नव्वदहून अधिक जणांना किनाऱ्यावर घेतलं.

आणि त्याच आचेत, २०२३ च्या डिसेंबरात, बांदा आचे शहरात विद्यार्थ्यांचा एक जमाव तळघरातल्या हॉलमध्ये घुसला. आत १३७ निर्वासित होते, बहुतेक बायका आणि मुलं. ती भेदरून रडत होती. त्यांना ओढून ट्रकांत घालून बाहेर काढलं गेलं. मधल्या तीन वर्षांत काय बदललं होतं? समुद्र तोच. माणसं तशीच. होड्या वाढल्या होत्या, हे खरं. पण उच्चायुक्तालयाने कारण सांगितलं ते वेगळं: इंटरनेटवरून पद्धतशीर पसरवलेला खोटेपणा आणि द्वेष. ज्यांनी दोर टाकले त्यांच्याच मुलखात साध्या फॉरवर्डांनी हे घडवून आणलं.

आता तुमच्या हातातला फोन बघा.

त्यात या माणसांबद्दल काय काय येतं ते मला सांगायला नको, मलाही येतं. आपल्या सोसायटीच्या गटावर, शाळेच्या जुन्या वर्गाच्या गटावर, चुलतभावाकडून. कुठल्या तरी देशातला जुना व्हिडिओ, वर भलतंच नाव. पुढे पाठवू नका. एवढंच करा. पाठवणाऱ्याला चारचौघांत खजील करू नका, तो वाईट माणूस नाही. त्याला वेगळा फोन करा, विचारा, ‘अरे, हे कुठलं आहे, तू पाहिलंस का?’ दहापैकी सात वेळा तो स्वतःच पुसून टाकतो. माझा अनुभव आहे.

तुम्ही म्हणाल, देशाच्या सीमा आहेत, सुरक्षा आहे, आपल्याकडे आधीच गर्दी काय कमी आहे? हे प्रश्न विचारायचा तुम्हाला हक्क आहे. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, आणि कोणाला ठेवायचं, कोणाला परत पाठवायचं यावर तुमचं-माझं मत वेगळं असू शकेल. भांडू आपण त्यावर, जरूर भांडू. पण विहिरीत पडलेल्या माणसाला काठावरून सातबारा विचारणारं गाव मी अजून पाहिलेलं नाही. आधी घागरीचा दोर सोडतात.

आणि हे आपल्या मातीला नवीन नाही. कोल्हापूरकरांनो, तुमच्या महावीर उद्यानातला तो स्मृतिस्तंभ आठवा. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत राजवटीने सायबेरियाकडे हाकललेले पोलिश लोक इराणमार्गे हिंदुस्थानात आले. त्यांतले सुमारे पाच हजार १९४३ ते १९४८ अशी पाच वर्षं कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले. बायका, मुलं, म्हातारी माणसं. धर्म वेगळा, भाषा वेगळी, जेवण वेगळं. बंगालात दुष्काळाने माणसं मरत होती, रेशन होतं, चणचण होती. तरी जागा झाली. तिथे वाढलेली पोरं पुढे जगभर विखुरली आणि म्हातारपणी वळिवडे शोधत परत येत राहिली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आपल्या पंतप्रधानांनी वॉर्सामध्ये कोल्हापूरच्या नावाच्या स्मारकाला फुलं वाहिली. पोलंडच्या राजधानीत कोल्हापूरचं नाव कोरलेलं आहे ते त्या पाच वर्षांसाठी.

तेव्हा उशीर करू नका. निर्वासित उच्चायुक्तालयाला आणि जागतिक अन्न कार्यक्रमाला पैसे देता येतात, थोडे चालतात, दर महिन्याला दिलेत तर फार चालतात. शिधा पुरला तर काही होड्या निघणारच नाहीत, आणि न निघालेली होडी बुडत नाही. दिवाळीच्या फराळाचा हिशेब मांडाल तेव्हा एक ओळ यांच्यासाठी लिहा. शाळेत शिकवत असाल तर मुलांना नकाशावर अंदमानचा समुद्र दाखवा, तिथून कॉक्स बझार बोटाने गाठायला लावा. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी आली तर ती घरात मोठ्याने वाचा. तुमच्या खासदाराला पत्र लिहा, की सापडलेल्या होडीला अन्नपाणी देता तसा किनाराही द्या. निदान आजारी माणसं बरी होईपर्यंत, लेकरं चालू लागेपर्यंत.

हे सगळं तुम्हाला जमणार नाही. यातलं एक जमेल. तेच आज करा, उद्यावर ढकलू नका. कारण कॉक्स बझारच्या कुतुपालोंग छावणीत एखाद्या झोपडीत या घटकेला एक बाई मुलीच्या फ्रॉकच्या शिवणीत मलेशियातला फोन नंबर शिवून ठेवत असेल. ती कोणत्या रात्री निघेल हे आपल्याला कळणार नाही. समुद्र ऑक्टोबरात निवतो, एवढं कळतं.

ऑक्टोबर जवळ आला. नजर पाण्यावर ठेवा. बोट खाली घेऊ नका.