बूरी माँकडे डॉलर नव्हते



झुंपा लाहिरी यांच्या कथा म्हणजे डॉलर कमावणाऱ्यांचे माहेरच्या आठवणींचे उमाळे, हे गेल्या अंकातील लेखाचे विधान साफ चूक आहे. १९९९ च्या ‘इंटरप्रिटर ऑफ मॅलडीज’ या कथासंग्रहातील नऊपैकी तीन कथा भारतातच घडतात. ‘अ रिअल दरवान’मधली बूरी माँ फाळणीत घरदार गमावून कोलकात्यातल्या इमारतीचे जिने झाडते. पदराला जुन्या पेट्यांच्या किल्ल्या, अंथरायला गोधड्या, एवढाच तिचा संसार. चोरांना सामील असल्याचा आळ घेऊन शेजारी तिला रस्त्यावर काढतात. यात सुखवस्तूपणा कुठे आला?

या कथांना राजकारणाचे वावडे आहे, हेही खोटे. याच संग्रहातल्या दुसऱ्या एका कथेतले पीरजादा १९७१ साली, बांगलादेश युद्धाच्या वेळी, अमेरिकेत रोज दुसऱ्याच्या घरी टीव्हीवरच्या बातम्यांसमोर जेवतात. खिशातले घड्याळ ढाक्याच्या वेळेवर लावलेले, आणि तिकडे बायको व सात मुली जिवंत आहेत की नाहीत याचा पत्ता नाही. युद्ध माणसाच्या ताटापर्यंत कसे येते, ते मला याच कथेने दाखवले.

सुशिक्षित मध्यमवर्गीय पात्रे जास्त आहेत, एवढे मान्य. पण पगार चांगला म्हणून परकेपण खोटे ठरत नाही. पुस्तकावर शेरा मारण्यापूर्वी ते पूर्ण वाचले जावे, ही अपेक्षा.

– एक वाचक, सोलापूर