दोन पंचशीले

बौद्ध बंधू-भगिनींनो, वंदनेला बसताना आपण जे पंचशील ग्रहण करिता, त्याच नावाचे दुसरे एक पंचशील एके काळी राजकारणात मोठ्या थाटाने मिरवले गेले. २९ एप्रिल १९५४ रोजी भारत व चीन यांच्यात तिबेटविषयक करार झाला. अनाक्रमण, परस्परांच्या कारभारात ढवळाढवळ न करणे, शांततामय सहजीवन इत्यादी पाच तत्त्वे त्याच्या प्रारंभी घातली गेली. त्याच वर्षी २६ ऑगस्टला राज्यसभेत बाबासाहेबांनी या भाबडेपणावर नेमके बोट ठेवले. माओंची पंचशीलावर लवमात्र श्रद्धा असती, तर आपल्या देशातील बौद्धांना त्यांनी निराळ्या रीतीने वागविले असते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पुढे मार्च १९५९ मध्ये ल्हासात उठाव झाला, तो चिरडला गेला आणि दलाई लामांना भारतात आश्रय घ्यावा लागला.

आज त्या राजवटीचा हात जगभर पोहोचला आहे. त्याचे मोजमाप न्यायबुद्धीने केले पाहिजे. केवळ द्वेषाने नव्हे. चाळीस वर्षांत सुमारे ८० कोटी चिनी माणसे अत्यंत दारिद्र्यातून वर आली, असे जागतिक बँक सांगते. पिढ्यानपिढ्या उपाशी राहिलेल्या समाजातील आम्ही या गोष्टीला क्षुल्लक म्हणणार नाही. २०१३ पासून चीनने आशिया व आफ्रिकेत रस्ते, बंदरे, लोहमार्ग बांधण्याची मोठी योजना हाती घेतली. मोंबासा ते नैरोबी हा लोहमार्ग २०१७ मध्ये सुरू झाला. सूर्यप्रकाशापासून वीज करणारी तावदाने जगात स्वस्त झाली, तीही मुख्यतः चिनी कारखान्यांमुळे. हे लाभ खरे आहेत.

परंतु लाभाबरोबर काय येते, तेही पाहावे. श्रीलंका या बौद्ध राष्ट्राने २०१७ मध्ये हंबनटोटा बंदर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने एका चिनी कंपनीच्या हाती दिले. यात दोष एकट्या चीनचा नव्हे. न झेपणारी कर्जे काढणारे तेथील सत्ताधारीही तितकेच जबाबदार आहेत. मात्र ज्याच्याशी मोठा व्यवहार, त्याच्यासमोर जीभ जड होते. दक्षिण आफ्रिकेने दलाई लामांना वारंवार प्रवेश नाकारला अथवा लांबणीवर टाकला. २०१४ मध्ये केप टाउन येथे भरावयाची नोबेल पारितोषिक विजेत्यांची परिषद त्यापायीच तेथे होऊ शकली नाही.

कायद्याचीही तीच गोष्ट. आपला दंडविधान परदेशी गेलेल्या भारतीय नागरिकालाही लागू पडतो, हे वकील जाणतात. पण हाँगकाँगवर ३० जून २०२० रोजी लादलेल्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याचे ३८ वे कलम त्याच्या कितीतरी पुढे जाते. परक्या माणसाने परक्या भूमीवर केलेले कृत्यही त्या कलमाने गुन्हा ठरू शकते! जुलै २०२३ मध्ये परदेशी राहणाऱ्या आठ जणांच्या अटकेसाठी प्रत्येकी १० लाख हाँगकाँग डॉलरचे बक्षीस लावण्यात आले.

आणि धर्माचे काय? मे १९९५ मध्ये दलाई लामांनी सहा वर्षांच्या एका बालकास पंचेन लामा म्हणून मान्यता दिली. तीन दिवसांत ते बालक सरकारच्या ताब्यात गेले व पुन्हा लोकांच्या दृष्टीस पडले नाही. २००७ च्या आदेशाने लामांच्या पुनर्जन्मालाही सरकारी मंजुरी आवश्यक ठरली. आत्म्याचे संक्रमण आपण मानीत नाही, हे खरे. तथापि प्रश्न श्रद्धेच्या खरेखोटेपणाचा नसून, ती कोणी ठरवावी याचा आहे. ईश्वर न मानणारे सरकार पुनर्जन्माचा परवाना देते, यातच हुकूमशाहीचे खरे रूप दिसते.

येथे आपण स्वतःकडेही वळून पाहिले पाहिजे. गुजरातच्या २००३ च्या कायद्यान्वये, हिंदू धर्मातून बौद्ध धम्मात येण्यास जिल्हा दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी हवी, असे त्या सरकारने एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात बजावले. बौद्ध धम्म स्वतंत्र आहे, हे त्यात मान्य झाले, हे ठीकच. पण सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य घटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने दिलेले असता, विवेकाला परवाना कशासाठी? भारत म्हणजे चीन नव्हे. येथे न्यायालय आहे, मतपेटी आहे, हे पाक्षिकही आहे. म्हणूनच ही साधने गंजू देणे आपणांस परवडणारे नाही. दीक्षेची कागदपत्रे जपून ठेवा, अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि अर्ज नाकारला गेला तर त्याची कारणे लेखी मागा. हक्क वापरल्यानेच टिकतो.

नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडू येथे बाबासाहेबांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली. दुःख नाहीसे करणे हे ध्येय दोघांचेही. पण एकाचा मार्ग बळाचा व हुकूमशाहीचा, तर दुसऱ्याचा मनःपरिवर्तनाचा. बळ उठले की त्यावर उभी केलेली व्यवस्थाही डळमळते. चिनी जनतेशी आपले वैर नाही. ह्युएनत्संग धम्मग्रंथांसाठी तेथूनच चालत आला होता. आपला विरोध आहे तो माणसाच्या मनावर मालकी सांगणाऱ्या सत्तेला, मग ती बीजिंगची असो की आपल्या दाराशी असो.

तहातले पंचशील राज्यकर्त्यांनी सही करून घेतले आणि सोयीने मोडले. आपले पंचशील प्रत्येकाने स्वतःच्या मुखाने, स्वतःच्या इच्छेने घेतलेले आहे. ते मोडणे अथवा पाळणे कोणत्याही सरकारच्या हाती नाही. ते पाळा आणि ते घेण्याचे स्वातंत्र्यही राखा.

जय भीम!