भिंतींत काय बसवावें आणि काय मोकळें ठेवावें

गेल्या महिन्यांत आमच्या एका स्नेह्यांच्या पुण्यांतील घरीं जाण्याचा योग आला. तीन पिढ्यांतील नऊ माणसें एका छपराखालीं नांदत असलेलें हें घर. वरच्या मजल्यावरील १८ फूट लांब व १३ फूट रुंद खोलींत 'होम थिएटर' करण्याचा बेत चालला होता. सामान येऊन पडलें होतें आणि भिंत फोडणारे गवंडी दुसऱ्या दिवशीं सकाळीं यावयाचे होते. आराखडा आमच्यापुढें मांडून "एकदां नजर घाला" असें सुचविण्यांत आलें. घर व घरांतील वस्तू यांविषयीं दरमहा लिहिण्याची खोड असल्यामुळें असे प्रसंग आमच्यावर येतात.

आराखडा दिसण्यांत मोठा नेटका होता. समोरचे तीन स्पीकर छतांत, बाजूचे व मागचे भिंतींत आणि सबवूफरही भिंतींतच गाडलेला. म्हणजे डोळ्यांस कांहींच दिसावयाचें नाहीं. आम्ही तो पाहत असतां दारांत उभे असलेले आजोबा म्हणाले, "खालच्या टीव्हीचा आवाज मोठा येतो हो, पण शब्द लागत नाहींत. या नव्या यंत्रानें लागतील का, तेवढें पाहा." आजोबांचें वय ८४. सारा जन्म शाळेंत मराठी शिकविण्यांत गेलेले हे गृहस्थ हल्लीं चित्रपट अर्ध्यावर टाकून उठून जातात, आणि त्यांना झोप येते अशी घरच्यांची समजूत आहे.

वार्धक्यांत कान मंदावतात ते प्रथम उंच स्वरांना. स, श, फ, थ यांसारख्या व्यंजनांची ओळख याच उंच व दुबळ्या ध्वनींवरून पटते. स्वरांचा भारदस्त नाद मात्र खालच्या पट्टींत असल्यामुळें तो शाबूत ऐकूं येतो. यास्तव वृद्धास आवाज कळतो आणि शब्द कळत नाहीं. अशा वेळीं कानाच्या डॉक्टरांकडून तपासणी करून घेणें हें पहिलें कर्तव्य होय. परंतु घरांत नवी ध्वनियोजना होतच असेल, तर ती सर्वांत कमी ऐकूं येणाऱ्या माणसास धरून करावी, असें आम्हीं स्पष्ट सांगितलें.

चित्रपटांतील संभाषण बहुतांशीं समोरच्या तिहींपैकीं मधल्या स्पीकरांतून येतें. सिनेमागृहांत पडद्यास बारीक छिद्रें पाडून त्यामागें ध्वनिक्षेपक उभे करतात, तें एवढ्याचसाठीं कीं बोल नटाच्या मुखांतूनच निघाल्यासारखे वाटावे. जेथें ओठ हलतात तेथूनच शब्द आला म्हणजे डोळा कानास साह्य करतो. तोच शब्द डोक्यावरून आला तर हें साह्य तुटतें. शिवाय उंच स्वर किरणांसारखे सरळ जाणारे. छतांतल्या स्पीकराचे ते स्वर समोर बसणाऱ्याच्या कानीं तिरपे व क्षीण होऊन पोहोंचतात. मधला स्पीकर पडद्याच्या लगेच खालीं आणि उजवा-डावा हे मधल्या आसनापासून दोहोंकडे सुमारें ३० अंशांवर असावे. तिन्ही एकाच जातीचे घ्यावे. काटकसर करणें असेल तर ती मागच्या स्पीकरांत करावी. उंची कानाच्या पातळीची. खुर्चीवर बसणाऱ्याचा कान जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांवर असतो, बैठकीवर बसणाऱ्याचा बराच खालीं. आपल्या घरांत दोन्ही प्रकार असतात, म्हणून स्पीकराचें तोंड थोडें वळवितां येईल असा नमुना बरा.

स्नेह्यांस हें पटलें, पण त्यांच्या चिरंजीवांस पटेना. छत मोकळें व स्वच्छ दिसावें हा त्यांचा आग्रह उलट दिशेनें गेला होता इतकेंच! मग आम्हीं सुतारास बोलावून प्लायवुडची एक फळी कापविली व मधला स्पीकर तींत बसविला. फळी प्रथम घोड्यावर चढवून छताशीं धरली आणि संभाषणाचा एक प्रसंग लावला. आजोबांनीं वही मागितली, म्हणाले, "श्रुतलेखन घालतां ना? मग लिहूनच दाखवितों." नंतर फळी पडद्याखालीं ठेवून त्याच चित्रपटांतील दुसरा प्रसंग, आवाज पूर्वीइतकाच राखून, लावण्यांत आला. पहिल्या पानावर न कळलेल्या शब्दांच्या जागीं ओढलेल्या रेघाच रेघा होत्या, दुसऱ्यावर दोन-तीन. चिरंजीव ती वही बराच वेळ पाहत राहिले.

आतां भिंतीविषयीं. हे स्पीकर मुळांत अमेरिकेंतील घरांसाठीं घडविलेले. तेथें लांकडी खांब १६ इंचांच्या अंतरानें उभे करून दोहों बाजूंनीं पातळ फळ्या ठोकतात. मध्यें साडेतीन इंचांची पोकळी राहते. स्पीकराचे पंजे फळीस मागून पकडतात. आपली विटांची आंतली भिंत साडेचार इंचांची. तींत चार इंच खोल खोबण पाडली तर पलीकडच्या खोलींत केवळ गिलावा उरावयाचा. भार वाहणारी भिंत किंवा काँक्रीटचा खांब यांस तर छिन्नी लावूंच नये. उत्तम उपाय म्हणजे समोरच्या भिंतीपुढें चार-पांच इंच सोडून लांकडी सांगाड्यावर दुसरी खोटी भिंत उभी करणें. सांगाडा घट्ट हवा, नाहीं तर फळीच बडबडूं लागते. प्रत्येक स्पीकरामागें बंद पेटी व मोकळ्या जागेंत रॉकवूल भरावें. तांब्याची १४ गेजची तार नळींतून न्यावी, विजेच्या तारेची नळी तिच्यापासून फूटभर दूर ठेवावी, आणि फळ्या ठोकण्यापूर्वीं प्रत्येक स्पीकर वाजवून पाहावा. या शेवटच्या गोष्टींत आळस केल्यामुळें आम्हांस स्वतःच्या घरीं रंगविलेली भिंत पुन्हा उघडावी लागली होती.

सबवूफरास मात्र भिंतींत गाडूं नये, असें आमचें ठाम मत आहे. इतर स्पीकरांची जागा पडद्यावरून व आसनांवरून आधींच ठरते; याची ठरत नाहीं. सेकंदास ३० कंपनांच्या स्वराची लाट सुमारें ३७ फूट लांब असते. १८ फुटांच्या खोलींत ती समोरासमोरच्या भिंतींवर आदळून स्वतःशींच गुंतते. भिंतीलगत घुमते व ऐन मध्यभागीं जवळजवळ नाहींशी होते. ८० कंपनांखालील स्वर कोणत्या दिशेनें आला हें कानास उमगत नाहीं, म्हणून ही पेटी कोठेंही ठेवतां येते. पण कोठें ठेवावी हें प्रयोगावांचून कळत नाहीं. प्रयोग थोडा हास्यास्पद आहे. सबवूफर आपल्या आसनावर बसवावा, खालच्या पट्टीचें संगीत लावावें आणि आपण भिंतीकडेनें रांगत जावें. जेथें नाद सम व स्वच्छ लागेल तेथें पेटी ठेवावी. चिरंजीवांस रांगतांना पाहून आजीबाईंनीं "काय रे हरवलें?" म्हणून विचारलेंच. तीन कोपऱ्यांत संदेशाची तार व विजेचा प्लग आधींच देऊन ठेवला, म्हणजे पुढें आसनें हलविलीं तरी अडचण येत नाहीं. बसणारीं माणसें पुष्कळ असतील तर एका मोठ्या पेटीपेक्षां दोन मध्यम पेट्या बऱ्या. त्यामुळें एका खुर्चीस गडगडाट व शेजारच्या खुर्चीस शून्य, असा अन्याय कमी होतो.

याच खोलीखालीं आजीबाई निजतात. बारीक आवाज भिंत अडविते, जाड आवाज भिंतींतून व स्लॅबमधून पार जातो. पेटीखालीं रबराचे जाड पाय घालावे, भिंतीपासून तिला अलग ठेवावें, आणि रिसीव्हरमध्यें मोठा-लहान आवाज जवळ आणणारी रात्रीची योजना असते ती दहानंतर चालू करावी. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं निवासी भागांत रात्रीं १० ते ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे; पण आजीबाईंची मर्यादा त्याहूनही खालची आहे, हें त्यांनीं जेवतांना आम्हांस ऐकविलें.

गवंडी दुसऱ्या दिवशीं आले ते चहा घेऊन परत गेले. छतांत बसवावयाचे म्हणून आणलेले तीन स्पीकर दुकानदारानें बदलून देण्याचें कबूल केलें आहे, आणि सुताराचें काम चालू आहे. आजोबांची खुर्ची कोठें मांडावयाची, तेवढी खूण जमिनीवर खडूनें करून ठेवली आहे.