विश्लेषण : ज्येष्ठांच्या छळाची खबर द्यायची कुणी?

दवाखान्यात आणलेल्या आजींच्या दोन्ही दंडांवर वळ असतात. 'बाथरूममध्ये पडली', असे मुलगा सांगतो. बँकेत आजोबा मुदत ठेव मोडायला येतात. सही त्यांची, बोलतो मात्र सोबतचा नातेवाईक. घराच्या चार भिंतींआडचा छळ बाहेर सर्वांत आधी दिसतो तो डॉक्टर, परिचारिका आणि बँक कर्मचाऱ्यांना. त्यांची जबाबदारी नेमकी किती?

कायदा काय सांगतो?

मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही न कळवल्यास 'पोक्सो' (२०१२) कायद्यानुसार सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ज्येष्ठांसाठी अशी सरसकट सक्ती नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात निर्वाहाचा अर्ज ज्येष्ठाने स्वतः करायचा असतो. ते शक्य नसल्यास त्याने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था तो करू शकते. न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकते. पण त्याला कळवणार कोण? अपंग व्यक्तींच्या छळाची खबर २०१६ च्या कायद्यानुसार कुणालाही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना देता येते. मात्र तिथेही 'देता येईल' एवढेच आहे, 'द्यावीच लागेल' नाही.

सक्ती का नाही?

प्रौढ व्यक्तीला स्वतःचा निर्णय घेण्याचा हक्क आहे. आजींना मुलावर गुन्हा नको असेल आणि तक्रारीनंतर त्याच घरात परतायचे असेल, तर परस्पर दिलेली खबर त्यांच्यावरच उलटू शकते. इंग्लंडच्या २०१४ च्या 'केअर अॅक्ट'ने यावर वेगळा मार्ग काढला. छळाचा रास्त संशय असल्यास चौकशी करण्याची जबाबदारी तिथे स्थानिक प्रशासनावर आहे.

आज काय करता येईल?

नातेवाइकाला बाहेर बसवून रुग्णाशी किंवा ग्राहकाशी एकट्याने बोलता येते. जखमांचे तपशील केसपेपरवर जसेच्या तसे लिहिता येतात. ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा मोफत हेल्पलाइन क्रमांक त्यांच्या हाती देता येतो. महाराष्ट्रात प्रांताधिकाऱ्यांकडे न्यायाधिकरणाचे काम असते, हेही सांगता येते.

पण हे सारे एखाद्या कर्मचाऱ्याच्या चांगुलपणावर सोडून चालणार नाही. शंका आल्यावर कुणाला सांगायचे, हे प्रत्येक रुग्णालयात आणि बँक शाखेत आधीच ठरलेले हवे. ते ठरलेले नसेल, तर वळ पाहणारे अनेक असतील, विचारणारा कुणीच नसेल.