विश्लेषण : घरात फायरवॉल आहे, मग वाय-फाय कुठे जोडायचे?

आचऱ्यापासून तोंडवळी-तळाशीलपर्यंत किनाऱ्यालगत होमस्टे वाढले आहेत. करोनाकाळात मुंबई-पुण्याची नोकरी लॅपटॉपवर घेऊन गावी आलेल्यांपैकी काही जण इथेच राहिले. एकाच फायबर जोडणीवर कंपनीचे काम, पाहुण्यांचे मोबाइल, घरचा टीव्ही आणि कलमांच्या बागेतले कॅमेरे असे सगळे चालते. म्हणून जाणकार मंडळी घरात फायरवॉल-राउटरची छोटी पेटी बसवतात. यातल्या बऱ्याच पेट्यांना वाय-फाय नसते, फक्त केबलची तोंडे असतात. वाय-फाय वेगळे जोडणे तसे अर्ध्या तासाचे काम आहे. पण ते कुठे जोडले, यावर फायरवॉलचा उपयोग ठरतो.

गडग्याच्या आत की बाहेर?

फायरवॉल म्हणजे घराभोवतीचा गडगा. न बोलावता येणाऱ्याला ती अडवते, आतल्याने मागवलेले तेवढे आत सोडते. इंटरनेट कंपनीची फायबरची पेटी या गडग्याबाहेर असते. घोळ असा की त्या पेटीला बहुधा स्वतःचे वाय-फाय असते आणि फायरवॉल बसवल्यावरही ते सुरूच राहते. घरातले सगळे मोबाइल जुन्या नावाला आपोआप चिकटतात. केबल लावलेला संगणक तेवढा गडग्याआड, बाकी सारे घर बाहेर! कंपनीच्या पेटीतही जुजबी संरक्षण असते, हे खरे. पण तुम्ही घातलेले नियम, अडवलेली संकेतस्थळे, मुलांसाठी ठरवलेली वेळ यातले काहीच त्या मोबाइलांना लागू होत नाही. त्यामुळे कंपनीच्या पेटीतले वाय-फाय आधी बंद करावे. ती पेटी ‘ब्रिज मोड’वर टाकून मिळाली तर उत्तमच.

जुना राउटर चालेल का?

फायरवॉलच्या पेटीतच वाय-फायचे कार्ड बसवण्याचा मोह होतो. तो टाळावा. पीएफसेन्स, ओपीएनसेन्स या लोकप्रिय फायरवॉल प्रणाली फ्रीबीएसडीवर चालतात आणि वाय-फाय ही त्यांची दुबळी बाजू आहे. लिनक्सवर आधारलेली ओपनडब्ल्यूआरटी त्यात उजवी. पण मुख्य अडचण जागेची आहे. फायबर येते पडवीच्या कोपऱ्यात, मीटरजवळ. वाय-फाय हवे माजघरात. त्यापेक्षा स्वतंत्र अ‍ॅक्सेस पॉइंट घ्यावा आणि केबलने फायरवॉलच्या आतल्या बाजूला जोडावा.

घरात पडून असलेला जुना राउटरही हे काम करतो. फक्त केबल त्याच्या ‘वॅन’ तोंडात न लावता ‘लॅन’ तोंडात लावावी आणि त्यातली डीएचसीपी सेवा बंद करावी. वॅनमध्ये लावली तर जाळ्यात दुसरे जाळे तयार होते, मग मोबाइलला प्रिंटर सापडत नाही की कॅमेरा दिसत नाही. डीएचसीपी चालू राहिली तर एकाच वाडीत पत्ते वाटणारे दोघे होतात. काही मोबाइलांवर इंटरनेट चालते, काहींवर नाही, आणि शिव्या मात्र कंपनीला बसतात.

पाहुण्यांचे वाय-फाय वेगळे का?

26 जुलै 2008 रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्यांची जबाबदारी घेणारा ईमेल नवी मुंबईत सानपाडा येथे राहणाऱ्या एका अमेरिकी नागरिकाच्या इंटरनेट जोडणीवरून गेल्याचे आढळले आणि तपास पथक त्याच्या दारात पोहोचले. त्याचे वाय-फाय दुसऱ्यांनीच वापरले होते. पुढच्याच महिन्यात तसाच ईमेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या नेटवर्कवरून गेला. बाहेरच्या जगाला दिसतो तो तुमच्या जोडणीचा पत्ता. आत कोण बसले होते ते दिसत नाही. अशा वेळी नुसती फायरवॉल कामाची नाही, कारण वाय-फायने परक्याला गडग्याच्या आतच घेतलेले असते.

होमस्टेवाल्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. भिंतीवर लिहिलेला पासवर्ड चार वर्षे तोच असेल, तर येऊन गेलेला प्रत्येक पाहुणा आजही रस्त्यावरून तुमच्या घरात आहे. पाहुण्यांसाठी वेगळे नाव, वेगळा पासवर्ड हवाच, पण तेवढ्याने भागत नाही. त्यांचे जाळे फायरवॉलमध्येही वेगळे हवे. त्यासाठी व्हीलॅन ओळखणारा अ‍ॅक्सेस पॉइंट लागतो. इथेच जुना राउटर तोकडा पडतो. अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून वापरताना अनेक राउटरांचे ‘गेस्ट’ नेटवर्क नावापुरतेच वेगळे राहते, पाहुणा थेट घरच्या जाळ्यात येतो. खात्री करणे सोपे आहे : गेस्टवर जाऊन घरचा प्रिंटर किंवा कॅमेरा उघडून पाहावा. उघडला, तर खोलीचे कुलूप खोटे आहे.

कॅमेऱ्यांचीही चूल वेगळी मांडावी. 2016 मध्ये ‘मिराय’ने जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदलले नव्हते म्हणून. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए 2 किंवा डब्ल्यूपीए 3 असावा. ‘डब्ल्यूईपी’ 2001 मध्येच फोडले गेले आहे.

चिऱ्याच्या भिंती आणि वीज

जांभ्याची जाड भिंत वाय-फायला भारी पडते, पावसात भिजून ओलावलेली तर जास्तच. 5 गिगाहर्ट्झचा संकेत वेगवान, पण एखाद्या भिंतीतच थकतो, 2.4 चा संथ, पण लांब जातो. रिपीटर लावून वेग घालवण्यापेक्षा केबल ओढून दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट बसवावा. साध्या लॅन केबलची मर्यादा 100 मीटर आहे. मात्र घरापासून खळ्यापलीकडच्या खोलीपर्यंत उघड्यावरून तांब्याची केबल नेऊ नये. मृगाआधी आणि भातकापणीच्या दिवसांत कडाडणारी वीज त्याच वाटेने दोन्हीकडच्या पेट्या जाळते. तिथे फायबर ओढावे.

गावपळणीला रामेश्वराच्या कौलाने सारा गाव गुराढोरांसह तीन दिवस वेशीबाहेर राहतो. चाकरमानी मे संपला की घर बंद करून मुंबईला परततात. अशा वेळी घरचे आणि पाहुण्यांचे वाय-फाय बंद करून कॅमेऱ्यांचे जाळे तेवढे चालू ठेवता येते. कॅमेरे नसतील तर तिन्ही पेट्यांचे प्लग काढूनच निघावे.